दुरुस्तीचे आवार आणि विक्रीची पेढी : मदुराईच्या टी. व्ही. एस. घराण्याच्या व्यवसायाचा इतिहास

भारतातील मोटारवाहतुकीचा इतिहास लिहावयास बसलेले अभ्यासक बहुधा कारखान्यापासून आरंभ करतात. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईस शिवडी येथे काढलेला जुळणीचा कारखाना, वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, आणि १९५४ साली डाइमलर-बेन्झच्या सहकार्याने टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यातून बाहेर पडलेली मालमोटार, हे या इतिहासातील ठळक टप्पे मानले जातात व ते तसे मानणे चूक नव्हे. परंतु मालमोटार कारखान्यात असते ती थोडे दिवस. रस्त्यावर ती पंधरा-वीस वर्षे काढते. या दीर्घ आयुष्यात तिला चालती ठेवणारा दुरुस्तीदार, त्याचे आवार, त्याचे मिस्त्री, त्याची सुट्या भागांची कोठी आणि त्याची उधारीची वही यांना इतिहासात फारशी जागा मिळालेली नाही. मिळाली तर ती तळटीपेत मिळते.

प्रस्तुत लेखात मदुराईच्या टी. व्ही. सुंदरम अय्यंगार अँड सन्स या कौटुंबिक पेढीचा विचार या दृष्टीने केला आहे. महाराष्ट्रातील वाचकांस ‘टी. व्ही. एस.’ ही अक्षरे दुचाकी वाहनांमुळे परिचित आहेत. पण दुचाकी हा या घराण्याच्या इतिहासातील बराच उशिराचा अध्याय असून तो १९८० साली होसूर येथे सुरू झाला. त्यापूर्वीची जवळजवळ सत्तर वर्षे हे घराणे बस आणि मालमोटारी चालविणारे, दुरुस्त करणारे आणि विकणारे घराणे होते. विक्री, पतपुरवठा, विमा आणि अखेरीस उत्पादन या ज्या ज्या क्षेत्रांत त्याने पाऊल टाकले, त्यांतील बहुतेकांचे मूळ दुरुस्तीच्या आवारातील एखाद्या अडचणीत सापडते, असे मला प्रतिपादावयाचे आहे. या प्रतिपादनास एक महत्त्वाचा अपवाद आहे. तो परवान्याच्या कायद्यासंबंधीचा असून त्याचा परामर्श पुढे घेतला आहे.

प्रथम स्थळाचा विचार करू. मीनाक्षी मंदिराभोवती एकात एक अशा चौकोनी रस्त्यांची जी रचना मदुराईत आहे, तिच्यातील सर्वांत बाहेरचे रस्ते ‘वेळी’ रस्ते म्हणून ओळखले जातात. तमिळ भाषेत ‘वेळी’ म्हणजे बाहेर. पूर्वी येथे किल्ल्याचा तट व खंदक होता. ब्लॅकबर्न या कलेक्टराने १८४० च्या सुमारास तट पाडून खंदक बुजविला आणि त्या जागी हे रस्ते झाले. पुढे १८७५ साली रेल्वे आली ती शहराच्या पश्चिमेस, म्हणजे वेस्ट वेळी स्ट्रीटच्या बाजूस. सुंदरम अय्यंगारांच्या पेढीचे मुख्य ठाणे याच रस्त्यावर आहे. देवांचे रथ ज्या मासी रस्त्यांवरून ओढले जातात, त्यांच्याही बाहेर, जुन्या खंदकाच्या जागी, रेल्वे स्थानकाच्या समोरासमोर मोटारीच्या धंद्याने आपले बस्तान बसवावे, यात योगायोगापेक्षा गरजेचा भाग अधिक आहे. मोटारीस जागा लागते, आणि माल व उतारू जेथे रेल्वेतून उतरतात तेथेच तिला काम मिळते.

ते काम कोणते? मदुराईच्या आसपासचा प्रदेश रेल्वेने सर्वत्र जोडलेला नव्हता. पूर्वेस रामनाडचा कोरडा मुलूख व त्यात देवकोट्टै, कारैकुडी ही चेट्टियार सावकारांची श्रीमंत गावे; पश्चिमेस कंबमचे खोरे व त्यापलीकडे वेलदोड्यांचे डोंगर; वायव्येस कोडाइकनालचा घाट. या ठिकाणी जावयाचे तर बैलगाडी किंवा घोडागाडी हाच मार्ग होता. ब्रह्मदेश आणि मलायात पैसा मिळविणाऱ्या चेट्टियारांची वर्दळ, डोंगरातला माल आणि बाजाराला येणारा शेतकरी, एवढी वाहतूक बैलांच्या खुरांवर अवलंबून असलेल्या मुलखात मोटारबस नफ्यात चालणार, हे ओळखणे आज सोपे वाटते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते तितके सोपे नव्हते.

तिरुक्कुरुंगुडी हे तिरुनेलवेली जिल्ह्यातील वैष्णवांचे प्राचीन क्षेत्र. सुंदरम अय्यंगार यांचा जन्म तेथे २२ मार्च १८७७ रोजी झाला. वडिलांच्या इच्छेस मान देऊन त्यांनी प्रथम वकिली केली, पुढे रेल्वेत नोकरी धरली, नंतर पेढीवर काम केले. कायदा, वाहतूक आणि पैसा या तिन्हींची ओळख त्यांना नोकरीपेशातच झाली, आणि या तिन्हींचा उपयोग त्यांच्या पुढील आयुष्यात झालेला दिसतो. पेढी आपली स्थापना १९११ सालची मानते. १९१२ साली मदुराई शहरात त्यांची बसवाहतूक सुरू झाली. मद्रास इलाख्याच्या दक्षिण भागातील खेड्यापाड्यांकडे नियमित बस नेणाऱ्या पहिल्या लोकांत त्यांची गणना होते.

येथे एक तांत्रिक बाब लक्षात घेतली पाहिजे. त्या काळची बस आणि मालमोटार या दोन निराळ्या वस्तू नव्हत्या. परदेशातून येई तो इंजिन, चाके व पाटे यांसह नुसता सांगाडा, ज्यास गॅरेजातले लोक चासी म्हणतात. तिच्यावर स्थानिक सुतारांनी बाके ठोकली की ती बस होई आणि फळ्या ठोकल्या की मालमोटार होई. कित्येकदा आज बस असलेली गाडी दोन वर्षांनी शरीर उतरवून मालमोटार बनत असे. त्यामुळे बसवाल्याचे दुरुस्तीचे आवार हे आपोआपच मालमोटारीच्या दुरुस्तीचेही आवार असे.

बसचा मालक स्वतःच दुरुस्तीदार का बनतो, याचे उत्तर अंतरात आहे. सुटा भाग इंग्लंड-अमेरिकेहून बोटीने यावयाचा, म्हणजे कित्येक आठवड्यांचा प्रश्न. तोवर गाडी उभी, उतारू नाराज, आणि चालकाचा पगार मात्र सुरू. अशा स्थितीत तुटलेला पाटा लोहाराकडून घडवून घेणे, झिजलेल्या बेअरिंगमध्ये पांढरा धातू पुन्हा ओतून तो खरवडून बसविणे, व्हाल्व्ह घासणे, सिलिंडर झिजला तर त्याला बोअर मारून मोठ्या मापाचा पिस्टन घालणे, ही कामे जागच्या जागी करण्यावाचून गत्यंतर नसते. ज्याच्याजवळ एक गाडी आहे तो हे मिस्त्रीकडून करवून घेतो. ज्याच्याजवळ वीस आहेत त्याला लेथ, भाता, सुट्या भागांची कोठी आणि पगारी फिटर ठेवणे परवडते. आणि ज्याच्याजवळ एवढी सामग्री आहे त्याच्याकडे शेजारचा एका गाडीचा मालक आपली गाडी घेऊन येतोच. पेढीच्या दुरुस्तीच्या धंद्याचा उगम असा झाला असावा, असे मला वाटते. स्वतःच्या गाड्यांसाठी उभारलेले आवार दुसऱ्यांच्या गाड्यांना मोकळे झाले.

या पर्वासंबंधी दोन गोष्टी दक्षिणेत वारंवार सांगितल्या जातात. बैलांच्या व घोड्यांच्या नालांचे खिळे रस्त्यावर पडून टायर फाटत. म्हणून सुंदरम अय्यंगारांनी रस्त्यावरून लोहचुंबक फिरवून खिळे वेचण्याची योजना केली, ही पहिली. त्यांच्या बसच्या वेळेवर लोक आपली घड्याळे लावीत, ही दुसरी. आख्यायिका म्हणून या कथांकडे दुर्लक्ष करण्याचा मोह होतो. कारण वक्तशीर माणसाविषयी घड्याळाची कथा कोठल्याही गावात ऐकावयास मिळते. परंतु लोहचुंबकाच्या कथेत धंद्याचे एक मर्म आहे. खिळ्याने टायर फाटल्यावर तो शिवणे ही दुरुस्ती झाली. खिळाच उचलणे हा देखभालीचा विचार झाला. बस वेळेवर सुटावयाची तर ती वाटेत बंद पडता कामा नये आणि बंद पडू नये म्हणून ती चालती असतानाच तपासली गेली पाहिजे. दोन्ही कथा एकाच गोष्टीची साक्ष देतात : या पेढीची पत लोकांच्या मनात देखभालीवर उभी होती.

विक्रीचा धंदा यानंतर आला, आणि हा अनुक्रम मला महत्त्वाचा वाटतो. मोठ्या शहरांतील कित्येक मोटारविक्रेते मूळचे आयातदार व्यापारी होते. त्यांनी प्रथम दुकान काढले व ग्राहकांच्या तक्रारी वाढल्यावर मागील अंगणात दुरुस्तीची सोय केली. मदुराईस याच्या उलट घडले. शिवडीचा कारखाना सुरू झाल्यानंतर शेव्हरोले मालमोटारींचे भाग पेट्यांतून मुंबईस उतरत, तेथे त्यांची जुळणी होई आणि तयार चासी देशभरातील विक्रेत्यांकडे रवाना होत. अशा कंपनीस खरी गरज असते ती ग्राहकाच्या गावात गाडी चालती ठेवू शकणाऱ्या माणसाची. सुंदरम अय्यंगारांकडे आवार होते, कोठी होती, मिस्त्री होते, आणि स्वतःचा ताफा असल्यामुळे कोणती गाडी कोणत्या रस्त्यावर किती टिकते याचा अनुभव होता. पुढे या घराण्याची सुंदरम मोटर्स ही संस्था जनरल मोटर्सच्या देशातील सर्वांत मोठ्या विक्रेत्यांत मोडू लागली, आणि मद्रास ऑटो सर्व्हिस या दुसऱ्या संस्थेने सुट्या भागांच्या घाऊक व्यापारात जम बसविला.

सुट्या भागांची ही कोठी साधी बाब नव्हे. मालमोटार विकून मिळणारे कमिशन एकदाच मिळते. तिला लागणारे पिस्टन रिंग, क्लच प्लेट, बेअरिंग, ब्रेकचे अस्तर यांची मागणी ती भंगारात जाईपर्यंत सुरू राहते. मंदीच्या वर्षी नवी गाडी कोणी घेत नाही, पण त्याच वर्षी जुनी गाडी अधिक काळ चालवावी लागते म्हणून दुरुस्ती वाढते. विक्री आणि दुरुस्ती हे दोन धंदे एकाच छपराखाली असले की एकाची ओहोटी दुसऱ्याच्या भरतीने भरून निघते. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत अनेक व्यापारी बुडाले; केवळ विक्रीवर विसंबणाऱ्या पेढीपेक्षा दुरुस्तीच्या आवाराची जोड असलेली पेढी अशा काळात अधिक टिकाऊ ठरते.

आवारातील माणसांविषयीही येथेच लिहिले पाहिजे. त्या काळी मोटार मिस्त्री तयार करणारी शाळा नव्हती. लोहार, सुतार, तांबट, गिरणीतील फिटर यांतूनच तो घडे. पोऱ्या म्हणून आलेला मुलगा प्रथम घासलेटने भाग धुई, मग पाने देई, मग चाक उतरवी, आणि काही वर्षांनी इंजिनाला हात लावण्याची त्यास परवानगी मिळे. हा क्रम मालकाच्या घरातील मुलांनाही लागू होता, ही या पेढीची उल्लेखनीय बाब होय. ती परंपरा पुढील पिढ्यांतही चालू राहिली. संस्थापकांचे नातू व पुढे टी. व्ही. एस. मोटर कंपनीचे प्रमुख झालेले वेणू श्रीनिवासन यांनी सुटीच्या दिवसांत पेढीच्या गॅरेजांतून मिस्त्रीचे काम केले होते. ब्राह्मण घराण्यातील मुलांनी वंगणाने हात काळे करावेत, ही गोष्ट त्या काळच्या दक्षिणेतील सामाजिक कल्पना ध्यानी घेता लहान नव्हती. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढून दुरुस्तीपासून प्रारंभ केला, त्याचे स्मरण येथे वाचकांस होईल. साम्य केवळ प्रारंभापुरतेच आहे. किर्लोस्करांनी दुकान लवकर मागे टाकून शेतीच्या अवजारांचा कारखाना काढला. मदुराईच्या घराण्याने मात्र आवार कधीच सोडले नाही.

दुसऱ्या महायुद्धाने या आवाराची कसोटी पाहिली. पेट्रोल नियंत्रित झाले, नवे टायर सैन्याकडे गेले, नव्या गाड्या येणे थांबले. गाड्यांच्या धंद्यास इंधन, रबर आणि यंत्र या तिन्हींचा एकदम दुष्काळ पडला. यावर उपाय म्हणून सुंदरम अय्यंगारांनी कोळशाच्या वायूवर गाडी चालविणारे ‘टी. व्ही. एस. गॅस प्लँट’ नावाचे यंत्र तयार करवून बाजारात आणले. याचे तत्त्व सोपे आहे. बंद भट्टीत लोणारी कोळसा अपुऱ्या हवेत जाळला की कार्बन मोनॉक्साइडयुक्त ज्वलनशील वायू निर्माण होतो. तो थंड करून, गाळून, हवेत मिसळून इंजिनात सोडावयाचा. सोपे तत्त्व मात्र व्यवहारात त्रासाचे होते. गाडीची शक्ती बरीच घटे, भट्टी पेटून वायू धरेपर्यंत वाट पाहावी लागे, राख व डांबर गाळणीत साचे, आणि गाळणी वेळेवर साफ न केल्यास इंजिनाची नासाडी होई. म्हणजे या यंत्राचे यश ते बसविणाऱ्यापेक्षा त्याची रोज निगा राखणाऱ्यावर अवलंबून होते, आणि निगा राखणे हाच तर या पेढीचा मूळ धंदा होता. याच काळात झिजलेल्या टायरांवर नवे रबर चढविण्याचे कारखानेही घराण्याने काढले. जुना टायर घासून खडबडीत करणे, त्यावर कच्च्या रबराचा पट्टा चढविणे व साच्यात वाफेच्या उष्णतेने तो पक्का करणे ही क्रिया दुरुस्ती आणि उत्पादन यांच्या सीमेवरची आहे. घराण्याच्या पुढील रबर-उद्योगाचे मूळ येथे आहे.

आता वर उल्लेखिलेल्या अपवादाकडे वळू. पेढीच्या यशाचे सारे श्रेय सेवावृत्तीस देण्याची प्रथा पडली आहे. गौरवग्रंथांत ती स्वाभाविक असली तरी इतिहासात पुरेशी नाही. १९३२-३३ च्या मिचेल-किर्कनेस अहवालापासून सरकारला रेल्वे व रस्ता यांच्या स्पर्धेची चिंता लागली होती. त्याची परिणती १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात झाली. या कायद्याने भाड्याने चालणाऱ्या प्रत्येक बस व मालमोटारीस परवाना सक्तीचा केला आणि तो देण्याचा अधिकार प्रादेशिक परिवहन प्राधिकरणास दिला. ज्याच्याजवळ व्यवस्थित ताफा, आवार आणि हिशेब आहेत त्याला परवाना मिळणे व टिकविणे सोपे झाले. एका गाडीच्या मालकास ते कठीण झाले. वक्तशीरपणाने मिळविलेली पत कायद्याने एक प्रकारे मालमत्तेत रूपांतरित झाली. सुंदरम अय्यंगार मूळचे वकील होते, हेही येथे विसरून चालणार नाही.

मुंबई राज्याशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. आपल्याकडे १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली आणि अल्पावधीत जिल्ह्याजिल्ह्यांतील खाजगी बसवाल्यांचा धंदा सरकारजमा होऊ लागला. त्या बसवाल्यांपैकी कोणाच्या आवारातून मोठी औद्योगिक पेढी निर्माण होण्याची शक्यता असली, तरी ती तेथेच संपली. मद्रासमध्ये खाजगी बसचा ताफा आणखी वीस-बावीस वर्षे चालू राहिला. ही मुदत मदुराईच्या घराण्यास मिळाली नसती, तर पुढील उद्योगांसाठी लागणारे भांडवल व अनुभव यांचा एवढा साठा झाला असता की नाही, याविषयी मला शंका वाटते. सेवावृत्ती खरी होती. पण तिला कायद्याचे आणि सरकारी धोरणाचे छप्पर लाभले होते.

१९५४ हे साल या इतिहासात अनेक कारणांनी निर्णायक ठरले. जकात आयोगाच्या १९५३ च्या अहवालानंतर, ज्या कंपन्या देशात प्रत्यक्ष उत्पादन करण्यास तयार नाहीत त्यांनी केवळ जुळणी करीत राहू नये, असे धोरण सरकारने स्वीकारले. जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद केला. ज्या कंपनीच्या गाड्या विकून पेढी मोठी झाली होती ती कंपनीच देशातून गेली. केवळ विक्रेता असता तर त्याने दुकानास कुलूप लावले असते. पण रस्त्यावरच्या हजारो शेव्हरोले गाड्या एकाएकी नाहीशा होत नव्हत्या. त्यांना दुरुस्ती हवी होती, सुटे भाग हवे होते. आणि मूळ कंपनी नसल्याने ती गरज अधिकच तीव्र झाली. पुढे मद्रासजवळ एण्णूर येथे, १९४८ साली अशोक मोटर्स म्हणून निघालेल्या व १९५५ मध्ये अशोक लेलँड झालेल्या कंपनीच्या मालमोटारींची विक्री व सेवा हे पेढीचे मुख्य काम बनले.

त्याच १९५४ साली, ऑगस्ट महिन्यात, घराण्यातील टी. एस. संतानम यांच्या पुढाकाराने सुंदरम फायनान्स ही कंपनी दोन लाख रुपयांच्या भरणा भांडवलावर स्थापन झाली. मालमोटार हप्त्याने घेऊ इच्छिणाऱ्यास कर्ज देणे हे तिचे काम. त्या वेळी बँका असल्या कर्जास नाखूश होत्या, कारण तारण चालते-फिरते असते, ते अपघातात मोडते आणि त्याची किंमत रोज घटते. हप्तेबंदीच्या व्यवहारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडीची मालकी कर्ज देणाऱ्याकडे राहते. तेव्हा हप्ते थकल्यास गाडी ताब्यात घेऊन तिचे काय येईल, हा कळीचा प्रश्न असतो. याचे उत्तर बँकेच्या कारकुनापाशी नव्हते. तीन वर्षे घाटात धावलेल्या चासीची खरी किंमत काय, कोणता मालक गाडीला वेळेवर तेल घालतो व कोणता ती मरेपर्यंत हाकतो, हे ज्याच्या आवारात गाड्या दुरुस्तीस येतात त्यालाच ठाऊक असते. जॉब कार्ड ही वास्तविक पत तपासण्याची वही होती. या कंपनीमागे घराण्याचीच मद्रास मोटर अँड जनरल इन्शुरन्स ही विमा कंपनी उभी होती, हेही याच सूत्रात बसते. १९३९ च्या कायद्यातील तिऱ्हाइताच्या विम्याची सक्ती १९४६ पासून अमलात आली आणि अपघातग्रस्त गाडीचे नुकसान ठरविण्यास पुन्हा दुरुस्तीदाराचीच नजर लागली. माझ्या मते संपूर्ण इतिहासातील हा सर्वांत बोलका प्रसंग होय. पुढे झालेल्या मोठमोठ्या कारखान्यांनी त्याला झाकोळून टाकले आहे.

संस्थापकांनी आपल्या हयातीतच कारभार मुलांच्या हाती सोपविला होता. २८ एप्रिल १९५५ रोजी कोडाइकनाल येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी सदर्न रोडवेज या नावाने बस व मालमोटारींचा मोठा ताफा चालत होता. त्यांना पाच पुत्र होते. त्यांपैकी एक वडिलांच्या आधीच वारले. उरलेल्या चौघांच्या, म्हणजे राजम, संतानम, श्रीनिवासन आणि कृष्ण यांच्या, चार शाखा पुढे घराण्याचा कारभार पाहू लागल्या. (कन्या डॉ. सौंदरम यांनी बालवैधव्यानंतर वैद्यकीय शिक्षण घेतले, १९४० साली गांधीजींच्या आशीर्वादाने जी. रामचंद्रन यांच्याशी आंतरजातीय विवाह केला आणि १९४७ मध्ये दिंडिगलजवळ गांधीग्राम स्थापिले. त्यांचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) व्यवस्था अशी होती की मालकी मूळ पेढीमार्फत सर्वांची सामायिक राहावी, व्यवस्थापन मात्र शाखानिहाय वाटलेले असावे. एकत्र कुटुंबातील सामायिक मिळकत व वेगळ्या चुली यांची ही औद्योगिक आवृत्ती होती.

उत्पादनाचे पर्व सर्वश्रुत असल्याने त्याचा विस्तार करीत नाही. १९६० साली डनलॉपच्या सहकार्याने व्हील्स इंडिया, १९६१ साली लुकास-टी. व्ही. एस., १९६२ साली ब्रेक्स इंडिया व क्लेटन-ड्यूआँड्र यांच्या सहकार्याने सुंदरम-क्लेटन, त्याच वर्षी नोंदविलेली सुंदरम फास्टनर्स. मद्रासच्या पाडी या उपनगरात हे कारखाने एकापाठोपाठ एक उभे राहिले. या यादीतील वस्तू पाहाव्यात : चाके, विजेची उपकरणे, ब्रेक, हवेचे ब्रेक, नटबोल्ट. सुट्या भागांच्या कोठीतील फडताळेच जणू एकेक कारखाना होऊन बाहेर आली. संपूर्ण मालमोटार बनविण्याच्या फंदात घराणे पडले नाही. कोणता भाग वारंवार मोडतो आणि आयात बंद झाल्यावर कोणत्या भागाची सर्वाधिक टंचाई पडेल, हे त्यांना अन्य कोणापेक्षा आधी समजले होते.

बसचा ताफा मात्र गेला. तमिळनाडू सरकारने मोठ्या ताफ्यांच्या बस ताब्यात घेण्याचा कायदा १९७१ मध्ये केला व १९७२ साली मदुराईस पांडियन रोडवेज हे सरकारी महामंडळ सुरू होऊन टी. व्ही. एस. च्या बस त्यात सामील झाल्या. ज्या ताफ्यासाठी आवार उभारले होते तो साठ वर्षांनी हातचा गेला, आवार राहिले. एव्हाना ते दुसऱ्यांच्या मालमोटारींवर चालत होते.

सामायिक मालकीची व्यवस्था तिसऱ्या व चौथ्या पिढीपर्यंत टिकली, हे भारतीय व्यापारी घराण्यांच्या इतिहासात विरळा आहे. अनेक घराणी दुसऱ्या पिढीतच न्यायालयात गेली. परंतु शाखांचे उद्योग इतके भिन्न झाले होते की सामायिक मालकी ही हळूहळू केवळ कागदावरची बाब उरली. दुचाकीचा कारखाना, नटबोल्टांचा कारखाना, वित्तसंस्था आणि मदुराईचे मूळ विक्री व दुरुस्तीचे जाळे यांना आता एकमेकांच्या कोठीची गरज नव्हती. डिसेंबर २०२० मध्ये शाखांनी आपापसांत कौटुंबिक करार केला. राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मंजुरीनंतर २०२२ साली तो अमलात आला आणि जी शाखा जो उद्योग चालवीत होती त्याची मालकीही तिच्याकडे गेली. न्यायालयीन कलह न होता हे घडले.

जनरल मोटर्सशी असलेला जुना संबंधही या मधल्या काळात उलट्या दिशेने पुन्हा जुळला होता. १९९० च्या दशकात सुंदरम फास्टनर्सने त्या कंपनीचा रेडिएटरची झाकणे बनविण्याचा ब्रिटनमधील विभाग विकत घेऊन त्याची यंत्रसामग्री मद्रासकडे आणली, आणि जनरल मोटर्सच्या गाड्यांना झाकणे पुरविण्यास सुरुवात केली. शिवडीच्या पेट्यांतून आलेल्या शेव्हरोलेचे रेडिएटर मदुराईच्या आवारात ज्या मिस्त्रींनी एके काळी झाळून दिले होते, त्यांपैकी फारच थोडे हे पाहण्यास हयात असतील.